बिशपच्या स्वयंपाकिणीची रीत

“काय शोधतेस गं तेरेझा? आत पिल्लू आहे, की पोपसाहेब?”

अर्जेंतिनाकाकूनं विचारलं आणि तिच्या स्वयंपाकघरातली सगळी लाटणी जागच्या जागी थांबली.

माझी तेरेझामावशी खिडकीशी उभी होती. एका हातात अंड्याचं फुटकं कवच, दुसऱ्या हातात काचेची वाटी. वाटी उजेडात धरून ती आतलं अंडं न्याहाळत होती, सोनार गिऱ्हाइकाची अंगठी न्याहाळतो तशी. बाकीच्या बायांनी आपापली अंडी कधीच मैद्यात फोडली होती. आमच्या डोंगरात शेवयांचं पीठ असंच भिजवतात. फळीवर मैद्याचा ढीग करायचा, झाडाला करतात तसं मधे आळं करायचं आणि अंडं फळीच्या कडेवर टिचवून थेट आळ्यात सोडायचं. वाटी नाही, पेला नाही. पिएत्राल्बा गावात जन्मलेली मुलगी हे चालायच्या आधी शिकते. मी तर दात यायच्या आधीच शिकले होते, असं मीच सगळ्यांना सांगते.

“अर्जेंतिनाबाई, मी आपलं... सहज,” मावशी म्हणाली.

“सहज? माझ्या कोंबड्यांची अंडी आजवर कुणी सहज तपासली नाहीत. माझ्या कोंबड्या काय सडकी अंडी घालतात?”

अर्जेंतिनाकाकू म्हणजे भट्टीवाल्याची विधवा. गावातले पाव तिच्या भट्टीत भाजले जायचे आणि गावातली माणसं तिच्या जिभेवर. ती समोरून येताना दिसली की पाद्रीबाबासुद्धा पायवाट बदलायचे. अशा बाईनं कमरेवर हात ठेवलेले, आणि माझी मावशी पांढरीफटक. आईनं लाटणं असं घट्ट धरलं होतं की मला वाटलं, त्यालाच आता कोंब फुटेल.

कारण त्या स्वयंपाकघरात आम्हा तिघींनाच एक गोष्ट माहीत होती. तेरेझामावशी माझी मावशी नव्हती. तिचं नावही तेरेझा नव्हतं. ती फेर्रारा शहरातली लीआ, टोप्यांच्या दुकानाची मालकीण, आणि ज्यू. लग्नाआधी आई तिच्या दुकानात टोप्यांना फिती शिवायची. त्रेचाळीस सालच्या त्या हिवाळ्यात जर्मन फौजा आमच्या इटलीत बसल्या होत्या आणि त्यांचे काळे शर्टवाले फॅसिस्ट मित्र ज्यूंना घरातून उचलून नेत होते. लीआच्या भावाला नेलं, वहिनीला नेलं. ती तेवढी एका गिऱ्हाइकाकडे टोपी पोचवायला गेली होती म्हणून वाचली. टोपीच्या डब्यासकट ती थेट आमच्या दारात आली. गावाला आईनं सांगितलं, ही माझी मावसबहीण, रोव्हिगोची, बॉम्बमध्ये घर गेलं बिचारीचं. गावानं मान डोलावली. ती सापडली असती तर तिच्याबरोबर आईलाही नेलं असतं. बाबा आधीच जर्मनीत युद्धकैदी. मग घरात उरलो असतो मी आणि शेळी, आणि शेळीचं माझ्याशी पटत नव्हतं.

आता हे अंडं. अंडं आधी वाटीत फोडून बघायचं, आत रक्ताचा ठिपका असेल तर टाकून द्यायचं, ही तिच्या धर्माची रीत. आमच्या गावात ठिपक्याला कुणी विचारत नव्हतं. चालला तर चालला, कोंबडीची खूण म्हणायचे.

माझं वय तेरा. वर्गात बाईंनी नाव पुकारलं तरी “हजर” म्हणताना माझा आवाज दप्तरात पडायचा. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे, मी म्हटलं, “काकू, अगं बिशपसाहेबांची स्वयंपाकीण असंच करते.”

काकूनं मान वळवली. “कोण?”

“बिशपची स्वयंपाकीण. मोठ्या घरांत तीच पद्धत आहे. अंडं आधी बघून मग पिठात. रोव्हिगोच्या सगळ्या चांगल्या घरांत आता असंच करतात. हो ना मावशी?”

“तर,” मावशी म्हणाली. “बिशपसाहेबांचं पोट नाजूक असतं ना.”

काकूनं माझ्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग नाक ओढून ती म्हणाली, “बिशप येणार असतील तर मला आधी सांगा, मी अंगण झाडीन.” आणि पुन्हा लाटायला लागली. सगळी लाटणी सुरू झाली. मी त्या दिवशी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

घरी आईनं दार लावलं आणि आम्हा दोघींना फैलावर घेतलं.

“तुला हजारदा सांगितलं लीआ, थेट पिठात फोड. थेट. आणि तू गं, बिशप कुठून काढलास?”

“तोंडातून निघाला,” मी म्हटलं.

“माझा हात आपोआप जातो, दिर्चे,” मावशी म्हणाली. दिर्चे म्हणजे माझी आई. “या मनगटात माझी आजी बसलीय. मी एकतीस साली एका लग्नात डुकराचं मांस खाल्लंय, दोनदा वाढून घेतलं आणि घरी जाऊन शांत झोपले. सिनेगॉगची पायरी मी वर्षात एकदा चढायची, तीही नवी टोपी दाखवायला. पण अंडं न बघता पिठात सोडलं तर आजी मला झोपू देणार नाही.”

“आजीला सांग, युद्ध चालू आहे.”

“सांगितलं. ती बहिरी होती.”

म्हणून मग शिकवणी सुरू झाली. अंडी महाग, म्हणून अक्रोडांवर. फळीवर कोंड्याचं आळं करायचं, मावशीनं अक्रोड घ्यायचा, कडेवर टक करून थेट आळ्यात टाकायचा. सोपं काम. आईनं घरातल्या वाट्या, पेले, कप सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. मावशीनं अक्रोड घेतला, टक केलं आणि तिचा डावा हात वाटी शोधत हवेत फिरायला लागला. वाटी मिळेना तेव्हा तिनं अक्रोड मुठीत धरला आणि चोरून खिडकीकडे केला.

“अक्रोडात काय बघतेस?” आई ओरडली.

“मी नाही गं. आजी बघतेय.”

बाकी सगळ्यात मात्र मावशी हुशार निघाली. ख्रिस्ती धर्म तिला मी शिकवला, आणि शिकवणारीपेक्षा शिकणारी पुढे गेली. लॅटिन प्रार्थना तिनं आठवड्यात पाठ केल्या. मला अजूनही मधली ओळ गाळायची सवय आहे. ती रोज पहाटे चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायची, दोन्ही गुडघे टेकायची, जपमाळेचा एक मणी चुकवायची नाही. “आमेन” एवढं खणखणीत म्हणायची की पुढच्या बाकावरचा म्हातारा गोतार्दो दचकून जागा व्हायचा. मला वाटायचं, आता हिला पोपसाहेब आले तरी ओळखायचे नाहीत. उरलं होतं ते फक्त अंडं.

नाताळ झाला. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात खेचरवाला मीठ घेऊन वर आला, आणि मिठाबरोबर बातमीही. पलीकडच्या खोऱ्यात पाणचक्कीवर एक नवराबायको मजूर म्हणून राहत होते. काळ्या शर्टाचा एक इन्स्पेक्टर तिथं गेला, बाईला म्हणाला, मला ऑम्लेट करून घाल. तिनं अंडं पेल्यात फोडलं आणि उजेडात धरलं. दोघांना नेलं. चक्कीवाल्यालाही नेलं, आसरा दिला म्हणून. त्याची बायको त्यांच्या गाडीमागे ओढ्यापर्यंत धावत गेली.

खेचरवाल्यानं हे अर्जेंतिनाकाकूच्या भट्टीसमोर सांगितलं, निम्मं गाव तिथं होतं. काकूनं त्याच्या मिठात खडे आहेत म्हणून त्याला झापलं आणि आत गेली.

आम्ही घरी आलो. त्या रात्री कुणी जेवलं नाही. मावशी टोपीचा डबा बांधायला लागली.

“मी जाते दिर्चे. माझ्यामुळे तुझ्या पोरीवर...”

“बर्फातून कुठे जाणार आहेस, टोप्या विकायला?” आई म्हणाली. “बस खाली. अक्रोड घे.”

आणि आता मी तुम्हाला माझ्या कर्तबगारीची गोष्ट सांगते. त्याच आठवड्यात मी पाव आणायला काकूकडे गेले, तर काकू खिडकीशी उभी. हातात वाटी, वाटीत अंडं, एक डोळा मिटलेला.

“काय करतेस काकू?”

“बघतेय,” ती म्हणाली. “बिशपची स्वयंपाकीण बघते, मग मी काय तिच्यापेक्षा कमी?”

मी उडाले. दोन दिवसांनी इल्देकाकूकडे गेले, तर तिच्याही ओट्यावर वाटी. इल्देकाकू म्हणजे गावातली सगळ्यात चिक्कट बाई. मेणबत्ती विझवून मग प्रार्थना करायची, देवाला अंधारात दिसतं म्हणायची. तिनंही अंडं वाटीत फोडलं, बघितलं आणि वाटीला चिकटलेला शेवटचा थेंब बोटानं निपटून पिठात घातला. मग तर घरोघरी. ज्या दारात डोकवावं तिथं कुणीतरी वाटी उजेडात धरून उभं. मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. मी, नीवेस, जिचा आवाज दप्तरात पडायचा, तिनं एक वाक्य बोलून सगळ्या गावाची रीत बदलली होती. वर्गात मी आता हात वर करायला लागले. उत्तर येत नसलं तरी करायचे.

“आई, घाबरू नकोस,” मी सांगितलं. “मी गाव पटवलंय.”

“तू तोंड बंद ठेव,” आई म्हणाली. पण तिनंही कधी नव्हे ते पेटीचं कुलूप काढलं.

सतरा जानेवारीला सान आंतोनिओचा सण. हा आमचा गुराढोरांचा संत. त्या दिवशी पाद्रीबाबा गाई, खेचरं, कोंबड्या सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि गावच्या बाया अर्जेंतिनाकाकूच्या मोठ्या स्वयंपाकघरात जमून अख्ख्या गावासाठी शेवया करतात. त्या वर्षी मैदा कुठून आला ते विचारू नका, सरकारनं विचारलं असतं तर आम्हीही सांगितलं नसतं. अंडी प्रत्येकीनं आठवडाभर लपवून साठवलेली.

फळ्या मांडून झाल्या, आणि दारात मोटारसायकल थांबली.

आत आले दोघं. पुढे इन्स्पेक्टर गास्पारोत्ती, बारीक, केसाला तेल, काळा शर्ट इतका इस्त्रीचा की वाकला तर मोडेल. मागे एक जर्मन सार्जंट, दारातून तिरका होऊन आत आला एवढा मोठा, थंडीनं कान लाल झालेले. इन्स्पेक्टर बायांकडे बघत होता. सार्जंट अंड्यांकडे बघत होता.

“सणाच्या शुभेच्छा,” इन्स्पेक्टर म्हणाला. “काम चालू द्या. मला स्वयंपाकाची आवड आहे. प्रत्येकीनं आपापलं पीठ माझ्यासमोर भिजवायचं. एकेक करून.”

कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. आई मावशीच्या शेजारी होती. तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. अक्रोड. अक्रोड आठव.

मावशीनं हात ॲप्रनला पुसले. डावा हात तिनं पाठीमागे नेला आणि मूठ आवळली. मी मनातल्या मनात तिच्या बहिऱ्या आजीला हात जोडले. म्हटलं, आजी, आजचा दिवस झोप.

आणि तेवढ्यात मला दिसलं, टेबलावर एकही वाटी नव्हती. सणाची घाई. घाईत माणूस जुन्या सवयीवर जातो. आता सगळ्या टक करून थेट पिठात फोडणार, आणि एकच हात वाटी शोधत फिरणार. माझा बिशप ऐन वेळी कुठे गेला?

“थांबा,” अर्जेंतिनाकाकू म्हणाली.

तिनं कपाट उघडलं. एकावर एक रचलेल्या वाट्या काढल्या आणि प्रत्येकीच्या फळीसमोर एकेक आपटत गेली. खण, खण, खण.

“वाट्या कशाला?” इन्स्पेक्टरनं विचारलं.

“अंडी फोडायला.”

“अंडी वाटीत फोडता तुम्ही?”

“मग काय टोपीत फोडू?”

तिनं स्वतःचं अंडं वाटीत फोडलं, उजेडात धरलं, एक डोळा मिटला, “हं” म्हटलं आणि पिठात सोडलं. इल्देकाकूनं तेच केलं. मग आईनं. वाट्या एकेक करून खिडकीकडे वर जात होत्या, मिस्सेत पेला वर धरतात तशा. इन्स्पेक्टरचं डोकं त्यांच्याबरोबर वरखाली होत होतं. गावात एक ज्यू बाई असेल अशी त्याची अटकळ होती, आणि इथे त्याला आख्खं स्वयंपाकघर सापडलं होतं.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” त्याचा आवाज चिरकला.

मी तोंड उघडलं. काकूनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

“माझ्या आजीनं,” ती म्हणाली. “तिला तिच्या आजीनं. तुमच्या घरी न बघता खातात का साहेब? तरीच.”

“तरीच काय?”

“काही नाही. चेहरा पिवळा दिसतो जरा.”

सार्जंट खो खो हसला. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणाला, “माझी आई पण बघते. बघणं चांगलं. अंडं खाणं जास्त चांगलं.”

पण इन्स्पेक्टर काही अगदीच माठ नव्हता. तो मावशीच्या मागे जाऊन उभा राहिला, कारण तिची पाळी होती. मावशीनं अंडं वाटीत फोडलं. वाटी वर धरली.

आत ठिपका होता. लालभडक, मसुराच्या दाण्याएवढा.

“अस्सं,” इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. “बघता सगळ्याच. पण ठिपका दिसल्यावर काय करता, बाई?”

त्या हिवाळ्यात अंडं टाकणं म्हणजे काय, ते पोटभर जेवणाऱ्याला कळायचं नाही. वेडा टाकेल, श्रीमंत टाकेल, नाहीतर ज्याचा देव सांगतो तो टाकेल. मावशीची वाटी हवेतच राहिली. पिठाकडेही जाईना, बाजूलाही होईना. तिच्या मनगटावरची शीर उडताना मला दिसत होती.

अर्जेंतिनाकाकू तिच्या अंगावर धावून गेली.

“तेरेझा, डोळे फुटले का? असलं अंडं माझ्या पिठात घालायला निघालीस?” तिनं वाटी हिसकली आणि अंडं खिडकीतून भिरकावलं. खाली तिचं डुक्कर होतं. त्याच्या आनंदाचा आवाज वर आला.

“हे डोंगरी लोक अंडी टाकतात?” इन्स्पेक्टर म्हणाला. “या वर्षी?”

“ठिपक्याची टाकतो. बाहेर संताचा सण आहे आणि आत रक्ताच्या शेवया करू?”

तेव्हा इल्देकाकू हलली. मेणबत्ती विझवून प्रार्थना करणारी इल्देकाकू. तिनं दुसरं अंडं वाटीत फोडलं. मी तिच्या शेजारी होते, मला वाटी स्वच्छ दिसत होती. अंडं सूर्यासारखं पिवळंधमक, ठिपक्याचं नाव नाही. तिनं ते उजेडात धरलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, “अगं बाई, माझ्यातही.” आणि खिडकीबाहेर फेकलं.

“त्यात ठिपका नव्हता,” इन्स्पेक्टर म्हणाला.

“तुमचं लग्न झालंय का साहेब?”

“नाही. त्याचा काय संबंध?”

“मग तुम्हाला नाही दिसायचा.”

“माझ्यातही ठिपका,” आई म्हणाली आणि तिचंही गेलं. टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी म्हटलं, “इथे तर दोन आहेत.” खिडकीखाली डुकराचा सण चालला होता. इन्स्पेक्टर या वाटीकडून त्या वाटीकडे धावत होता. “थांबा. हे दाखवा. यात काही नाही. अहो, यातही काही नाही.” तो पोचेपर्यंत अंडं बाहेर.

आणि मग सार्जंट उठला. इतका वेळ तो प्रत्येक अंड्याबरोबर अर्धा अर्धा उठत होता, आता पुरता उठला. त्यानं अर्जेंतिनाकाकूचं मनगट हवेतच पकडलं. वाटीत अंडं होतं. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

“नाही. अंडं बाहेर नाही. अंडं पोटात.” मग तो इन्स्पेक्टरकडे वळला. “तू बघतो, बाया अंडी टाकतात. तू बघू नको. बाहेर.”

“सार्जंट, या सगळ्या संशयित आहेत. सगळ्यांना अटक करायला हवी.”

सार्जंटनं टेबलभर नजर फिरवली. मैदा, लाटणी, चुलीवरचं उकळतं पाणी.

“सगळ्या अटक,” तो म्हणाला. “मग जेवण कोण करणार? तू?”

इन्स्पेक्टर बाहेर गेला. तो मोटारसायकलपाशी बर्फात उभा राहिला आणि पाद्रीबाबांनी गुरांवर पाणी शिंपडता शिंपडता त्याच्यावरही शिंपडलं. सार्जंट पोटाला तडस लागेपर्यंत जेवला, काकूच्या हाताचं चुंबन घेतलं आणि त्याला घेऊन गेला. मोटारसायकलचा आवाज खाली वळणापर्यंत ऐकू आला, मग विरून गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी खुर्चीवर बसली. काकूनं तिच्यापुढे शेवयांचं ताट ठेवलं.

“खा. बघून केल्यात.”

मला राहवेना. मी खुर्चीवर चढले. “बघितलंत ना? मी म्हटलं नव्हतं? बिशपच्या स्वयंपाकिणीचं नाव काढलं आणि सगळ्या गावानं ऐकलं. मी नसते तर...”

“खाली उतर,” काकू म्हणाली. “बिशपची स्वयंपाकीण माझी चुलतबहीण आहे.”

मी खुर्चीवरच राहिले.

“अंडं फोडताना निम्मं कवच आत पाडते ती. बिशप बिचारे दात सांभाळून जेवतात. तेरा वर्षांच्या पोरीकडून मी अंडं फोडायला शिकणार होते काय?”

“मग... तुम्हाला माहीत होतं?” आईनं विचारलं.

“तुझी मावसबहीण रोज मिस्सेला येते, दिर्चे. रोज. दोन्ही गुडघ्यांवर. लॅटिनचा एक शब्द गाळत नाही, एक जांभई देत नाही. जन्मजात ख्रिस्ती माणूस मिस्सेत जांभई देतो. मी पाद्रीबाबांना म्हटलं, ही एकतर संत आहे नाहीतर ज्यू. ते म्हणाले, संत असती तर आपल्या गावात कशाला आली असती?”

मावशी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि मग दोन्ही एकदम.

“कुणी ठरवलं हे?” मी विचारलं. माझा आवाज पुन्हा दप्तरात पडला होता. “वाट्यांचं?”

“कुणी कशाला ठरवतंय? खेचरवाला ते चक्कीवरचं सांगून गेला. मी घरात गेले आणि वाटी काढली. दुसऱ्या दिवशी इल्दे विस्तव मागायला आली, तिनं बघितलं. घरी जाऊन तिनंही काढली. एक शब्द बोललो नाही आम्ही. हो ना गं इल्दे?”

“नाही,” इल्देकाकू म्हणाली. ती खिडकीतून खाली वाकून डुकराकडे बघत होती. “पण माझं अंडं चांगलं होतं हो.”

“माहितेय.”

“दोन बलकांचं होतं.”

“माहितेय इल्दे. बस, जेव.”

काकू मावशीकडे वळली. “आणि तू, उद्यापासून मिस्सेत जांभई देत जा. जमत नसेल तर नीवेसकडून शिक.”

मावशी युद्ध संपेपर्यंत आमच्याकडे राहिली. जांभया तिला शेवटपर्यंत नीट जमल्या नाहीत, नाटकी वाटायच्या. आता ती पुन्हा लीआ झालीय. फेर्रारात तिनं दुकान उघडलंय, आणि मी तिच्याकडे राहून तिथल्या शाळेत जाते. वर्गात हात अजूनही वर करते, पण आता उत्तरं येतात. तिचे भाऊ-वहिनी परत आले नाहीत. दुकानात त्यांचे टोप्यांचे दोन ठोकळे आहेत, ते ती रोज पुसते, विकत नाही.

यंदा सान आंतोनिओला आम्ही दोघी गावी गेलो होतो. लीआनं प्रत्येकीसाठी टोपी नेली होती. इल्देकाकूनं तिची कागदात गुंडाळून ठेवली, घातली तर झिजेल म्हणून. बाबा परत आलेत, बारीक झालेत, ते दारात बसून अक्रोड फोडत होते. टेबलाभोवती त्याच सगळ्या होत्या, शिवाय अर्जेंतिनाकाकूची नवी सून, पार्माची, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिनं आपलं अंडं टक करून थेट आळ्यात फोडलं आणि मग वर बघितलं. सगळ्या बाया वाट्या खिडकीकडे धरून उभ्या. मधे लीआ, एक डोळा मिटून, आजीसकट.

“सासूबाई,” सुनेनं विचारलं, “काय बघताय सगळ्या?”

काकूनं आपलं अंडं निवांत बघितलं. पिठात सोडलं. वाटी पुसली आणि सुनेच्या हातात दिली.

“बिशपची स्वयंपाकीण असंच करते,” ती म्हणाली. “विचार नीवेसला.”